दया आणि हिशेब

नाताळच्या आधीचा रविवार होता. साल २०१७. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही दहा-बारा जण टेम्पोत बसलो आणि महामार्ग ओलांडून तुंगारेश्वरच्या पायथ्याशी असलेल्या वीटभट्ट्यांकडे निघालो. टेम्पोत साठ ब्लँकेट होती, मुलांसाठी स्वेटर होते, घरोघरी तळलेल्या वड्यांचे डबे होते. दरवर्षीचा हा आमचा परिपाठ. वसईच्या पश्चिमेला आमच्या वाड्या : केळी, पानवेली, फुलझाडे, विहिरींचे गार पाणी. पूर्वेला महामार्गापलीकडे भट्ट्या. मधले अंतर अर्ध्या तासाचे. पण ते वर्षातून एकदाच, नाताळच्या तोंडावर कापायचे, असा जणू अलिखित नियम होता.

भट्टीवर काम करणारी माणसे जव्हार, मोखाडा, विक्रमगड या बाजूची. कातकरी, वारली, ठाकूर. भातकापणी झाली की दिवाळीनंतर पोराबाळांसकट उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. राहायला भोंगा. म्हणजे कच्च्या-पक्क्या विटा नुसत्या एकावर एक रचायच्या, वर गवत नाहीतर प्लास्टिक टाकायचे, वाकून आत शिरायचे. बाहेर शेजारीच चिखल, राख, कोळसा आणि विटांच्या लांबच लांब ओळी. माती मळायचे काम पहाटेच्या काळोखात सुरू होते, कारण ऊन चढले की चिखल घट्ट होतो.

आम्ही ब्लँकेट वाटली. फोटो काढले. मुलांनी एक गाणे म्हटले. निघता निघता एक बाई माझ्याजवळ आली. पस्तिशीची असेल. ब्लँकेट तिने काखेत धरले होते आणि हातात एक मळकी वही होती.

“मास्तर, तुमाला वाचाय येतं ना?”

आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न! मी हसून म्हटले, “येतं की.”

“मग ह्ये वाचून दाखवा. आमचा हिशोब हाय. सेठ सांगतो त्योच लिवलाय का, बघा.”

वही मागच्या हंगामाची होती. नवरा, बायको आणि थोरला मुलगा अशा तिघांच्या कामाची. मी उभ्या उभ्या वाचू लागलो. पावसाळ्यात घेतलेला बयाणा : वीस हजार रुपये. त्यानंतर दर आठवड्याची खर्ची आठशे रुपये, अशी अठ्ठावीस आठवड्यांची : बावीस हजार चारशे. एकूण उचल बेचाळीस हजार चारशे. खाली विटा : साठ हजार. दर हजारी सातशे रुपये. मजुरी बेचाळीस हजार. आणि शेवटच्या ओळीत लाल शाईने : बाकी, अंगावर, चारशे रुपये.

सात महिने तीन माणसे राबली आणि हंगामाच्या शेवटी तेच चारशे रुपयांचे देणेकरी ठरले. त्या चारशे रुपयांसाठी पुन्हा त्याच भट्टीवर यायचे. पावसात चूल पेटेना, म्हणून पुन्हा बयाणा घ्यायचा. वही पुढे चालू.

मी वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग कमरेची पिशवी सोडून तिने एक सुतळी काढली. सुतळीला गाठी होत्या. “हजार वीट पडली की मी एक गाठ मारत्ये. वळी मोजून. ह्या मोजा.”

मी मोजल्या. दोनदा मोजल्या. चौऱ्याऐंशी गाठी.

चौऱ्याऐंशी हजार विटांचे होतात अठ्ठावन्न हजार आठशे. त्यातून उचल वजा केली, तर बाईच सोळा हजार चारशे रुपयांची धनको निघत होती. साठ आणि चौऱ्याऐंशी यांच्यामधल्या विटा कुठे गेल्या? “फुटल्या, भिजल्या म्हनतात,” ती म्हणाली. “पन फुटलेल्या आमी मोजतच नाय.”

टेम्पोचा हॉर्न वाजला. मंडळी माझी वाट पाहत होती. मी वहीतली आकडेवारी एका कागदावर उतरवून घेतली, “बघतो” म्हणालो आणि टेम्पोत चढलो. परतीच्या वाटेवर सगळे जण नाताळची गाणी म्हणत होते. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

त्याला आणखी एक कारण होते. तशी वही मी पूर्वी एकदा पाहिली होती. माझ्याच घरात.

वडील वारल्यावर आम्ही भावंडांनी माळ्यावरची पेटी उघडली, तेव्हा आजोबांच्या वाडीचा जमाखर्च सापडला होता. केळीचे घड, पानांच्या कवळ्या, बैलांची पेंड, चर्चची वर्गणी, सारे वळणदार अक्षरात. त्यातच १९३८ सालच्या पानावर एक नोंद : ‘मोखाड्याचा गडी. लग्नाला रु. ६०.’ पुढच्या वर्षी तीच नोंद, धोतर आणि भात यांचे पैसे मिळवून. त्याच्या पुढच्या वर्षीही तीच. १९५१ साली, म्हणजे तेरा वर्षे राबल्यावर, त्या गड्याच्या नावे बाकी होती पंच्याहत्तर रुपये.

जुन्या ठाणे जिल्ह्यात याला शब्दच होता : लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचे. ते फिटत नसत. फिटू नयेत अशीच व्यवस्था असे. डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागात ही वेठ मोडून काढण्यासाठी १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक मी कॉलेजात असताना भारावून वाचले होते. त्यातले जमीनदार मला दूरच्या मुलखातले वाटले होते. आपल्या माळ्यावरच्या पेटीत त्यातले एक पान आहे, हे मला ठाऊक नव्हते.

आणि सांगायचे ते हेच, की आमच्या घरातली माणसे वाईट नव्हती. आजी त्या गड्याला पोटभर जेवू घालायची. नाताळला त्याला नवे धोतर मिळायचे, त्याच्या पोरांना वडे मिळायचे. तापाने फणफणला, तेव्हा आजीने रात्रभर त्याच्या उशाशी बसून काढा पाजला, ही गोष्ट वडील कौतुकाने सांगत. सारे खरेच असणार. पण वहीही खरी होती. आजीची माया आणि आजोबांची वही एकाच छपराखाली सुखाने नांदत होती. दोघांची कधी गाठ पडली नाही, एवढेच.

त्या रात्री मी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ काढून बसलो. जन्मापासून ऐकलेल्या गोष्टी. पण त्या दिवशी त्या वेगळ्याच डोळ्यांनी वाचल्या. देव मोशेला मिसर देशात पाठवतो, ते कुणासाठी? वीटभट्टीवरच्या मजुरांसाठी. इस्राएली लोक फारोसाठी विटा पाडत होते. मोशेने सुट्टी मागितली, तेव्हा फारोने मातीत घालायचा पेंढा देणे बंद केले. पेंढा तुम्हीच गोळा करा. विटांची संख्या मात्र एकानेही कमी होता कामा नये. संख्या भरली नाही, की मुकादमांचे फटके. या लोकांचा आक्रोश देवाने ऐकला, असे निर्गमाच्या पुस्तकात येते. ही कथा मी शेकडो मुलांना शिकवली होती. तांबडा समुद्र दुभंगला तो भाग रंगवून सांगायचो. विटांच्या मोजणीचा भाग घाईने उरकायचो.

पुढे मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा येते : मजूर आपला असो की परका, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत अडकलेला असतो. याकोब आपल्या पत्रात श्रीमंतांना बजावतो, की तुमच्या शेतातल्या कापणी करणाऱ्यांची तुम्ही अडकवलेली मजुरीच ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर जे प्रसिद्ध परिपत्रक काढले, त्यातही मजुरी बुडवणे हे महापातक मानले आहे.

म्हणजे ज्या दयेच्या आम्ही गोष्टी करतो, तिची सुरुवात ब्लँकेटपासून नाही. ती मजुरीपासून आहे. दया ही देणगी व्हायच्या आधी देणे असते. देणे बुडवून देणगी दिली, तर ती घेणाऱ्याच्याच पैशातली असते.

नाताळनंतर आमच्या गटाची बैठक झाली, तेव्हा मी तो कागद पुढे ठेवला. क्षणभर शांतता पसरली. कारण भट्टीचा मालक परका नव्हता. आमच्याच पॅरिशचा. पुढच्या बाकांवर बसणारा, अडीअडचणीला धावून येणारा. चर्चच्या नव्या सभागृहाला त्याने विटा फुकट दिल्या होत्या. त्या भिंतींच्या आतच आमची बैठक चालली होती.

“मास्तर, आपण दया करायला जातो, भांडायला नाही,” एक जण म्हणाला. दुसऱ्याने विचारले, “सुतळीच्या गाठी हा काय पुरावा झाला?” तिसऱ्याचा सवाल अधिक अवघड होता. “उद्या त्याने त्या बाईलाच काढून टाकलं तर? तुमचं सत्य होईल, तिची चूल विझेल.” याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आजही नाही.

फादर सगळे ऐकत होते. शेवटी ते एवढेच म्हणाले, “जक्कय आठवतो?”

जक्कय हा जकातदार. लोकांना नागवून गबर झालेला. येशूला पाहता यावे म्हणून झाडावर चढलेला हा बुटका माणूस मुलांना फार आवडतो. येशू त्याच्या घरी जेवायला जातो. त्याला काही उपदेश केल्याचे लूकने लिहिलेले नाही. जक्कय आपण होऊन उभा राहतो आणि सांगतो, की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लबाडीने घेतले असेल त्याला चौपट परत करतो. त्यानंतर येशू म्हणतो, की या घराला आज तारण लाभले. दान आणि परतफेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या जकातदाराला कळले होते. आम्हाला एवढ्या वर्षांत फक्त पहिली जमली होती.

कायद्याची बाजू समजून घ्यायला मी एका वकील विद्यार्थ्याकडे गेलो. त्याने सांगितले ते ऐकून मास्तर असूनही मी किती अडाणी होतो ते कळले. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६चा. त्यानुसार वेठीचे कर्ज आपोआप रद्द होते. ते वसूल करणे हाच गुन्हा. आणि हे कर्ज वेठीचे नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी मजुरावर नसून धनकोवर आहे. दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली निकाल दिला, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणे हीसुद्धा घटनेने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरीच. त्याच वर्षी आमच्याच भागात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना उभी केली आणि वेठबिगारांना सोडवायला सुरुवात केली. पुढे भट्ट्यांवरच्या मुलांसाठी भोंगाशाळाही सुरू झाल्या. आम्ही रविवारी चर्चमध्ये जे वाचत होतो, ते ही मंडळी आठवडाभर करत होती. त्या काळात आमच्यातल्या कितीतरी वाडीवाल्यांनी त्यांना ‘गडी बिघडवणारे’ म्हटले होते. मीही ते ऐकून गप्प बसलो होतो.

पण ख्रिस्ती परंपरेत दुसरी वाट दाखवणारी माणसे महाराष्ट्रातच होती. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. पोट भरण्यासाठी रस्त्यावर आलेल्या मुली आणि विधवा भलत्यांच्या हाती पडत होत्या. रमाबाईंनी अशा शेकडो जणींना पुण्याला आणि पुढे केडगावच्या मुक्तीत आणले. स्वतः दुष्काळात आई-वडील गमावलेल्या या बाईंनी त्यांना नुसते अन्न घातले नाही. विणकाम, शेती, छपाई शिकवली. पुढे रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद मुक्तीच्याच छापखान्यात छापला गेला. आश्रय देताना समोरच्याचे हात मोकळे करायचे असतात, हे त्यांना उमगले होते.

उपवासकाळात आम्ही तिघे, फादर, मी आणि तो वकील, भट्टीमालकाच्या घरी गेलो. त्याने चहा दिला. वही पाहून तो आधी चिडला, मग त्याच्या बायकोने आतून बाहेर येऊन वही हातात घेतली आणि ती वाचत बसली. तो म्हणाला, “सगळेच असं करतात. मी एकट्याने दर पाळले तर माझी वीट महाग पडेल. बिल्डर घेईल?” यात खोटे काही नव्हते. स्वस्त विटेचे घर हवे असणारे आम्ही सारे त्या वहीत कुठेतरी आहोतच. माझे स्वतःचे घर त्याच बाजूच्या विटांचे आहे. बांधताना मी विटेचा दर चार ठिकाणी विचारला होता, मजुरीचा एकाही ठिकाणी विचारला नव्हता.

तीन भेटींनंतर, ईस्टरच्या आठवड्यात, त्याने बाईला नऊ हजार रुपये दिले. शिवाय दर शनिवारी मजुरांसमक्ष मोजणी करून दोन्हीकडच्या वह्यांत आकडा लिहायचा, हे कबूल केले. मी तिथे उभा होतो. बाईने पैसे मोजले. पदराला बांधले. आमचे आभार तिने मानले नाहीत. मालकाकडे पाहून एवढेच विचारले, “बाकीचे सात हजार चारशे कवा?”

इतक्या वर्षांत वाटलेल्या शेकडो ब्लँकेटांवर मला कितीतरी “देव तुमचं भलं करो” मिळाले होते. पण त्या दिवशी ऐकलेल्या त्या प्रश्नाइतके समाधान एकानेही दिले नाही. ब्लँकेट घेताना खाली वाकलेली मान या वेळी ताठ होती.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पुढच्या हंगामात त्या कुटुंबाला मालकाने बोलावले नाही. सात हजार चारशे राहिलेच. बाईचा नवरा भिवंडीकडच्या दुसऱ्या भट्टीवर गेला. तिथे कोणता हिशेब आहे, मला ठाऊक नाही. तिसऱ्याचा तो सवाल खरा ठरला होता. शरमेने मी तिच्या गावी गेलो, तेव्हा तिने मला ओट्यावर बसवून कोरा चहा दिला. मी माफी मागू लागलो, तर म्हणाली, “मास्तर, या पावसात आमी बयाना घेतला नाय. नऊ हजारात पाऊस निघाला. बाकी काय व्हईल ते व्हईल.” एक पावसाळा. आमच्या साऱ्या धडपडीतून एका कुटुंबाला मिळाला तो एवढा मोकळा पावसाळा. तो थोडा की फार, मी सांगू शकत नाही.

दोन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि जे महामार्गापलीकडे होते ते सारे महामार्गावर आले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून आपल्या गावी, मध्य प्रदेशात जायला निघालेली ती माणसे. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र पाहून सारा महाराष्ट्र हळहळला. वसईतही उत्तरेकडच्या गाड्यांसाठी मैदानात माणसांची रीघ लागली होती. आमच्या गटाने खिचडीची पाकिटे वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती. मी मात्र पाकिटाबरोबर प्रत्येकाला एक प्रश्न विचारत होतो : “मजुरी मिळाली का?” कितीतरी जणांनी नुसती मान हलवली. त्यांनी बांधलेले उंच मनोरे त्या मैदानातून दिसत होते.

राहिला आमच्या घरचा हिशेब. २०२५ हे कॅथलिक चर्चचे जुबिली वर्ष होते. जुबिलीची मूळ कल्पना जुन्या करारातली : पन्नासाव्या वर्षी गुलामांनी मोकळे व्हावे, गेलेली जमीन ज्याची त्याला परत मिळावी. त्या वर्षी आम्ही भावंडांनी ठरवले, की मोखाड्याच्या त्या गड्याचे वारस शोधायचे आणि तेरा वर्षांची मजुरी देऊन टाकायची. आजच्या दराने हिशेबही मांडला. मी दोनदा मोखाड्याला जाऊन आलो. पाड्यापाड्यांवर विचारले. पण विचारणार तरी काय? वहीत नाव नाही. बैलांची नावे आहेत. त्याचे नाव नाही. नुसता ‘गडी’. जक्कयाला चौपट परत करता आले, कारण कुणाचे घेतले ते त्याला माहीत होते. आम्हाला तेही भाग्य नाही. ते पैसे आम्ही वेगळे ठेवले आहेत. भट्टीवरचा हिशेब मागणाऱ्या माणसाला कोर्ट-कचेरीसाठी, किंवा हिशेब मागितला म्हणून काम गेले तर पावसाळा काढण्यासाठी, त्यातून मदत होते. हे दान नाही. ते त्याचेच आहे, ज्याचे नाव आमच्या आजोबांनी लिहिले नाही.

आता आमच्या वाडीत विक्रमगडकडचे एक जोडपे कामाला येते. त्यांची वही आहे. पहिल्या पानावर दोघांची पूर्ण नावे, त्यांच्या गावासकट. मजुरी रोजची रोज, चर्चची सांजेची घंटा व्हायच्या आत. बाईला वाचता येत नव्हते. माझी नात तिला शिकवते. परवा तिने वहीत माझीच एक चूक काढली. दहा रुपयांची. मी ती दुरुस्त करून सही केली.

वाचकहो, आज रविवार आहे. घरी निवांत बसला असाल. ज्या भिंतीला टेकून तुम्ही हे वाचत आहात, ती कुणीतरी आपले गाव सोडून येऊन उभी केली आहे. त्या माणसाला आता शोधणे कठीण. पण तुमच्या सोसायटीचा रखवालदार, गच्ची दुरुस्त करणारा गवंडी आणि त्याच्या हाताखालची बिगारी, धुण्याभांड्याची बाई, ही तर समोर आहेत. त्यांना दिवाळीला मिठाई आणि नाताळला केक जरूर द्या. त्याआधी एकदा त्यांचे पूर्ण नाव विचारा, आणि त्यांचे काही यायचे राहिले आहे का, तेही विचारा.

सूर्य मावळायच्या आत विचारलेले बरे.